मोबाइल हाती आला, म्हणून संगणक आला का?

उच्च शिक्षणाची कुठलीही चर्चा निघाली की अलीकडे एक मत मोठ्या खात्रीने मांडले जाते. महाविद्यालयातल्या मुलामुलींना प्राथमिक संगणक शिकवण्याचे दिवस संपले, असे ते मत. अभ्यास मंडळांच्या बैठकांत ते ऐकू येते, पालकांच्या बोलण्यात येते, आणि विद्यार्थ्यांना तर ते मनापासून पटलेले असते. मुळशी तालुक्यात त्याला भूगोलाचाही आधार मिळतो. कासारसाई धरणापासून हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क काही किलोमीटरवर आहे. ज्या परिसरात इन्फोसिस, विप्रो आणि टीसीएसच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथल्या मुलांना फाइल कशी जपून ठेवायची हे काय शिकवायचे, असा प्रश्न कोणी विचारला की समोरचा सहसा गप्प बसतो.

गप्प बसू नये. हे मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत मत मांडणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती मोजतो कासारसाई, नेरे, दारुंब्रे, चांदखेड अशा गावांतून रोज महाविद्यालय गाठणारा विद्यार्थी. म्हणून या मताचा सविस्तर विचार झाला पाहिजे. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात. पहिला मुद्दा असा की आजची पिढी तंत्रज्ञानातच वाढली. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली ‘डिजिटल नेटिव्ह’ ही कल्पना मांडली. ही मुले संगणकाच्या जगातली मूळ रहिवासी आणि त्यांचे शिक्षक मात्र बाहेरून आलेले, असा तिचा आशय. भारतात या विचाराला प्रयोगाचे पाठबळ मिळाले. १९९९ साली सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली. दुसरा मुद्दा काळाचा. आज शिकवलेले सॉफ्टवेअर चार वर्षांत बदलते, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पत्र, तक्ता, सादरीकरण सारे ती करून देते. मग जुन्या खिडक्या आणि जुनी बटणे कशासाठी शिकवायची? तिसरा मुद्दा जबाबदारीचा. हे काम शाळेचे किंवा बाहेरच्या वर्गांचे आहे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम आहे, तो मुलांनी सुटीत करावा. पदवीचे मोजके तास त्यावर का घालवावेत?

हे मुद्दे पोकळ नाहीत. ते मांडणारी माणसे विद्यार्थ्यांचे हितच पाहतात. पण हित पाहणे आणि परिस्थिती पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भिंतीतल्या संगणकापासून सुरुवात करू. पूर्वपक्षाचा तोच सर्वांत आकर्षक पुरावा आहे. त्या प्रयोगाने एक गोष्ट नक्की सिद्ध केली. मुलांना यंत्राची भीती वाटत नाही आणि ती एकमेकांकडून झपाट्याने शिकतात. पण काय शिकतात? मार्क वॉर्शॉअर या अभ्यासकाने दिल्लीतली ती केंद्रे पाहून २००३ साली लिहिले की मुले बहुतेक वेळ चित्रे काढण्यात आणि खेळ खेळण्यात घालवत होती, इंटरनेट क्वचितच चालत असे, आणि हिंदीत वाचण्यासारखे तिथे फारसे काही नव्हते. पुढे काय झाले ते तर अधिक बोलके आहे. २०१३ साली ‘टेड’ पारितोषिक मिळाल्यावर मित्र यांनी ‘स्कूल इन द क्लाउड’ची केंद्रे उभारली, त्यांतले एक आपल्या फलटणमध्ये होते. तोपर्यंत त्यांच्या रचनेत दूरवरून इंटरनेटवर मुलांशी बोलणाऱ्या, त्यांना प्रश्न विचारणाऱ्या, त्यांचे काम पाहून शाबासकी देणाऱ्या प्रौढ व्यक्ती आल्या होत्या. म्हणजे ज्या प्रयोगाच्या आधारे शिक्षक नको असे सांगितले जाते, त्या प्रयोगकर्त्यालाच मुलांसमोर मोठे माणूस आणून बसवावे लागले. शिकवणारा नको हा निष्कर्ष त्या भिंतीतून निघत नाही.

प्रेन्स्की यांची कल्पना तपासायची तर मोजमापाकडे वळावे लागेल. आठवीच्या मुलांचे संगणक आणि माहिती-साक्षरतेचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण २०१८ साली झाले. त्यात भाग घेणारे बहुतेक देश आपल्यापेक्षा सधन होते आणि तिथल्या मुलांच्या घरी संगणक होता. तरीही १८ टक्के मुले सर्वांत खालच्या पातळीपर्यंतही पोचली नाहीत, आणि सर्वांत वरची पातळी गाठली ती फक्त २ टक्क्यांनी. उपकरणांच्या सहवासात वाढल्यामुळे प्रगत कौशल्ये आपोआप येत नाहीत, असा स्पष्ट निष्कर्ष सर्वेक्षण करणाऱ्यांनी काढला. खुद्द प्रेन्स्की यांनी २००९ पर्यंत ती विभागणी मागे ठेवून ‘डिजिटल शहाणपणा’विषयी लिहायला सुरुवात केली होती. मूळ लेखकाने मागे ठेवलेली कल्पना आपण अजून उराशी धरून बसलो आहोत.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाचे २०२३ चे सर्वेक्षण ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर झाले. आज पदवीच्या वर्गात बसलेली मुले याच वयोगटातून आली आहेत. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. संगणक किंवा लॅपटॉप होता फक्त ९ टक्क्यांच्या घरी. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांपैकी ८५ टक्क्यांना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांपैकी ३३.९ टक्क्यांना. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाद जवळजवळ संपतो. दोन्ही गट एकाच पिढीचे, एकाच वयाचे, दोघांच्याही हातात मोबाइल. फरक पडला तो समोर संगणक असण्या-नसण्याने. मग पिढीचा गुण कुठे राहिला? तो घरातल्या पैशाचा गुण ठरला.

त्याच सर्वेक्षणात मुलांना फोनवरची काही कामे प्रत्यक्ष करायला सांगितली. सुमारे ८० टक्के मुलांनी यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधून दाखवला. दोन ठिकाणांमधल्या प्रवासाला लागणारा वेळ नकाशावरून काढणे मात्र एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक मुलांना जमले. म्हणजे पाहण्याचे काम बहुतेकांना येते. माहिती वापरून काही ठरवायची वेळ आली की संख्या निम्म्याहून खाली घसरते. मुलींच्या बाबतीत तर मोबाइल हाती आहे हे विधानसुद्धा पुरते खरे नाही. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. भावाचा किंवा वडिलांचा फोन संध्याकाळी अर्धा तास मिळणाऱ्या मुलीला ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हे तिच्यासाठी बहुधा एकमेव ठिकाण असते, जिथे यंत्रासमोरचा तास पूर्णपणे तिचा असतो.

आकडे नको असतील तर तालुक्याच्या कोणत्याही महाविद्यालयाबाहेरचा रस्ता पाहावा. झेरॉक्सच्या दुकानावर पाटी असते: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ तिथे उभे असतात ते पदवीचे विद्यार्थी. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, स्पर्धा परीक्षेची नोंदणी, हे सारे ते पैसे देऊन भरून घेतात. फोटो इतक्याच केबीचा हवा, सही वेगळी हवी, चार पाने एकाच पीडीएफमध्ये हवीत, या अटींपाशी त्यांचे हात थांबतात. पैशाचे मी एक वेळ सोडून देतो. पण अर्ज भरताना आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्ड आणि फोनवर आलेला ओटीपी दुकानदाराला सांगितला जातो. पासवर्ड काय ठेवला हे त्यालाच ठाऊक असते; कधी नोंदणीचा ई-मेलही त्याचाच असतो. पुढच्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे तर पुन्हा त्याच दुकानात जावे लागते. दुकानदार बिचारा आपले काम करतो, त्याचा दोष नाही. पण ज्या पिढीला शिकवायला काही उरले नाही असे सांगतात, तीच पिढी आपल्या ओळखीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊन रांगेत का उभी आहे? पूर्वपक्षाने याचे उत्तर द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. प्राथमिक संगणक म्हणजे बटणांची ओळख, असे पूर्वपक्ष गृहीत धरतो. बटणे बदलतात, म्हणून शिकवणे व्यर्थ. गृहीतक मान्य केले तर निष्कर्ष बरोबर आहे. पण गृहीतकच चुकले आहे, आणि ते कसे चुकले हे कासारसाईच्याच एका हिशेबावरून दाखवता येईल.

कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. आसपासच्या गावांतून ऊस येतो, आणि ऊस लावणाऱ्या घरांतली मुले वाणिज्य, कला, विज्ञान शाखांत शिकतात. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या गाळप हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, ठरवली ती अशी: १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्यापुढे उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीला ३ रुपये ३२ पैसे जादा. उतारा ११.२५ टक्के धरला तर दहा पायऱ्या वर. म्हणजे ३३ रुपये २० पैसे अधिक. क्विंटलला ३७३ रुपये २० पैसे, टनाला ३,७३२ रुपये. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते.

हा हिशेब एक्सेलमध्ये मांडा. वरच्या एका चौकटीत टनाचा दर, तिच्याखाली तोडणी-वाहतुकीचा दर. त्याखालच्या ओळींत वजनपावत्या: तारीख, टन, रक्कम. पहिल्या पावतीसमोर सूत्र लिहिले, टन गुणिले दर. उत्तर बरोबर आले. आता ते सूत्र खाली ओढले. एक्सेल सूत्र जसे खाली नेते तसे त्यातले पत्तेही एकेक ओळ खाली सरकवते. त्यामुळे दुसऱ्या पावतीला उसाच्या दराऐवजी तोडणी-वाहतुकीचा दर लागतो. तिसऱ्या पावतीला भलत्याच चौकटीतले काहीतरी. पडद्यावर लाल खूण येत नाही, इशारा येत नाही. आकडे नीटनेटके दिसतात आणि बेरीज चुकीची असते. दराची चौकट डॉलरच्या चिन्हाने जागेवर बांधून ठेवली तरच हिशेब खरा होतो.

डॉलरचे चिन्ह कुठे टाकायचे ही बटणाची माहिती आहे का? मुळीच नाही. कोणती राशी स्थिर आणि कोणती बदलती, हा विचार आधी डोक्यात यावा लागतो, चिन्ह मागून येते. हा बीजगणिताचा विचार आहे. तो एक्सेलमध्ये करा, गूगल शीट्समध्ये करा, लिब्रे ऑफिसमध्ये करा. उद्या ही तिन्ही गेली आणि चौथे आले तरी तो तसाच राहील. तारखेचा खाना मजकूर म्हणून भरला तर पावत्या क्रमाने का लागत नाहीत, एकाच गावाचे नाव तीन प्रकारे लिहिले तर गावनिहाय बेरीज का चुकते, हे प्रश्नही याच जातीचे. माहिती कशी मांडावी म्हणजे तिच्याकडून खरे उत्तर मिळते, याचे हे शिक्षण आहे. पदवीच्या शिक्षणाला याहून जवळचे दुसरे काय असू शकते?

आणि या चुका फक्त शिकाऊ मुलांच्या असतात असेही नाही. हार्वर्डचे दोन नामवंत अर्थतज्ज्ञ, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर २०१० साली लिहिलेल्या निबंधाचा दाखला कित्येक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांसाठी दिला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून तो हिशेब पुन्हा करून पाहत होता. मूळ एक्सेल फाइल मागवून त्याने पाहिली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश बाहेर राहिले होते. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. दुसरे उदाहरण कोरोनाकाळातले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकडेवारीतून २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात १५,८४१ रुग्णांच्या नोंदी गळाल्या. कारण एवढेच की माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. ज्यांच्या संपर्कातल्या लोकांना तातडीने शोधायला हवे होते, त्या रुग्णांची नावे यादीतच उशिरा आली. ‘प्राथमिक’ या शब्दाने आपण ज्याला हलके समजतो त्या ज्ञानाच्या अभावी एका प्रगत देशात एवढे घडले. ते शिकवणे पदवीच्या दर्जाला कमीपणा आणते असे कोणी म्हणावे का?

फाइल आणि फोल्डरचेही असेच. मोबाइल आपल्याला फाइल दाखवत नाही, ॲप दाखवतो. फोटो गॅलरीत, गाणी गाण्यांच्या ॲपमध्ये, नोट्स व्हॉट्सॲपच्या गटात. वस्तू नेमकी कुठे ठेवली आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे प्रकल्प अहवाल लिहायला बसलेला विद्यार्थी फाइल जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला सापडत नाही. एकाच अहवालाच्या पाच प्रती निरनिराळ्या नावांनी पसरलेल्या असतात आणि शेवटची कोणती हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. ही गरिबीची किंवा खेड्याची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनीही गेल्या काही वर्षांत हीच तक्रार केली आहे की विद्यार्थ्यांना फोल्डरची कल्पनाच उरलेली नाही. तिथल्या मुलांना उपकरणे कमी पडली का? उलट उपकरणे जितकी सोपी झाली तितका आतला व्यवहार दृष्टीआड गेला. पूर्वपक्षाचे म्हणणे इथे पुरते उलटे फिरते. तंत्रज्ञान सुलभ होत गेल्यामुळे शिकवण्याची गरज वाढली आहे.

मराठीच्या प्राध्यापकांनी तर या वादात तटस्थ राहू नये. आमच्या विद्यार्थ्यांना मराठी टंकलेखन येते असे सांगतात, पण ते येते रोमन अक्षरांतून. मराठी शब्द इंग्रजी कळांनी लिहायचा आणि यंत्र जे पर्याय सुचवेल त्यातला पहिला घ्यायचा. ऱ्हस्व-दीर्घ यंत्र ठरवते, जोडाक्षर यंत्र ठरवते. इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना समान आहे, ती संगणकात बसवलेलीच असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. तरी पदव्युत्तर वर्गातही ती फार थोड्यांना येते. जुन्या फाँटचा गोंधळ वेगळाच. युनिकोडबाह्य फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा ढिगारा दिसतो, त्यात शब्द शोधता येत नाही, तो कुठल्या सूचीत येत नाही. प्रबंध लिहिणाऱ्या किती जणांना हा फरक सांगितलेला असतो? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या कित्येक फायलींत ते वेगळ्या तडजोडीने लिहिलेले सापडते. जुना मजकूर शोधणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याचा शोध अपुरा राहतो. भाषेच्या अभ्यासकाला आपली लिपी यंत्रात कशी साठवली जाते हे कळणे हा भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे. राज्य शासनात लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. तो मोबाइलच्या अंगठ्याने येत नाही.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. पूर्वपक्षाचे हे सर्वांत ताजे शस्त्र. सारे काही यंत्रच करून देणार असेल तर शिकायचे कशाला? मी उलट विचारतो. यंत्राने केलेले बरोबर आहे हे कोण ठरवणार? २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जुने निवाडे उद्धृत केले. ते निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ते वकील अनेक वर्षे व्यवसायात होते. त्यांच्यापाशी कायद्याचे ज्ञान होते, यंत्रही होते. मधली एक गोष्ट नव्हती: मिळालेला संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पाहण्याची सवय. ही सवय माहिती तंत्रज्ञानाच्या प्राथमिक शिक्षणाचा गाभा आहे. उसाच्या हिशेबाचे सूत्र उद्या यंत्राकडून लिहून घेता येईल, नव्हे आजच घेता येते. पण सूत्र सरकते म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला यंत्राने दर बांधला की नाही हे कसे कळणार? ज्याला काम येते त्याचा हात कृत्रिम बुद्धिमत्तेने बळकट होतो. ज्याला येत नाही तो आधी दुकानदारावर अवलंबून होता, आता यंत्रावर अवलंबून राहील. तपासणी तेव्हाही नव्हती आणि आताही नसेल.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात मोठे काम केले. हा अभ्यासक्रम चालवणारे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली त्याने गावोगावच्या केंद्रांतून मराठीत संगणक शिकवला. एक कोटीहून अधिक लोक त्यातून शिकले. संगणकाची भीती घालवणारी इतकी व्यापक चळवळ देशात दुसरीकडे क्वचितच झाली असेल. पण त्या अभ्यासक्रमाची रचना सर्वांसाठी आहे: गृहिणी, शिपाई, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी. त्या अभ्यासक्रमाने भूगोलाच्या विद्यार्थ्याला पर्जन्यमानाच्या नोंदी मांडायला शिकवावे, इतिहासाच्या विद्यार्थ्याला अभिलेखांची सूची करायला शिकवावे, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्षेत्रपाहणीचा तक्ता करायला शिकवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. ते काम त्या त्या विषयाच्या शिक्षकाचे. शिवाय अनेक सरकारी पदांसाठी हे प्रमाणपत्र लागते, म्हणून पुष्कळ जण ते प्रमाणपत्रापुरते करतात, आणि दोन वर्षे संगणकाला हात लावला नाही की शिकलेले विरून जाते. शाळेवर ढकलावे तर शाळांची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी शहरांत ५६ टक्क्यांना संगणक चालवता येत होता, खेड्यांत २४ टक्क्यांना. ही दरी शाळेने भरून काढायला हवी होती. ती भरली नाही. मग आता आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाने कोणत्या तोंडाने परत पाठवायचे?

हिंजवडीच्या शेजाराविषयी फार लिहायला नको. कंपनीचे फाटक जवळ असले म्हणून आतले काम येत नाही. आयटी पार्कने परिसरातल्या अनेकांना रोजगार दिला, हे खरे. पण स्थानिकांच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आले ते सुरक्षारक्षकाचे, वाहन चालवण्याचे, खानावळीचे, खोल्या भाड्याने देण्याचे काम. ती कामे मानाचीच आहेत. पण त्या गावांतली पदवीधर मुलगी फाटकातून आत जाऊन हिशेब विभागात किंवा मनुष्यबळ विभागात बसावी असे वाटत असेल, तर तिला तक्ता करता आला पाहिजे, पत्र लिहिता आले पाहिजे, जोडपत्र नीट नावाने पाठवता आले पाहिजे. जवळ राहण्याने यांतले काहीही येत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात मूल्यवर्धित अभ्यासक्रमांमध्ये डिजिटल तंत्रज्ञानाला जागा ठेवलेली आहे, कौशल्यवृद्धीच्या अभ्यासक्रमांनाही वेगळी जागा आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. दोन श्रेयांक दिले तर ६० तास होतात. जागा आहे, तास आहेत, बहुतेक महाविद्यालयांत प्रयोगशाळाही आहे. अडचण आहे ती हे तास कसे वापरले जातात याची. फळ्यावर संगणकाच्या पिढ्या आणि इनपुट-आउटपुट उपकरणांच्या व्याख्या लिहून दिल्या जातात, त्या पाठ होतात, बहुपर्यायी परीक्षा होते, गुण मिळतात. अशा शिकवण्याला पूर्वपक्ष निरर्थक म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा आहे. पण वाईट शिकवले जाते म्हणून शिकवूच नये, हा तर्क आपण गणिताला लावत नाही, इंग्रजीला लावत नाही. संगणकालाच का लावायचा?

तरीही कोणाचे समाधान झाले नसेल तर एक उघड कसोटी सुचवतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याही वर्गाला एक तास संगणकासमोर बसवावे. फोन बाहेर, शेजाऱ्याची मदत नाही. कामे पाच. वीस वजनपावत्यांचा तक्ता करून वर दिलेल्या एफआरपीप्रमाणे एकूण रक्कम काढणे. युनिकोड मराठीत एका पानाचा अर्ज लिहून त्याची पीडीएफ करणे. ती पीडीएफ आणि एक छायाचित्र ठरवून दिलेल्या आकारात आणून एका फोल्डरमध्ये योग्य नावांनी ठेवणे. ते जोडून विषय आणि मजकूर लिहिलेला ई-मेल पाठवणे. आणि यंत्राने लिहून दिलेल्या एका परिच्छेदातले तीन संदर्भ खरे की खोटे हे मूळ ठिकाणी जाऊन तपासणे. दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना पाचही कामे जमली तर त्या महाविद्यालयाने हा विषय खुशाल बंद करावा. नऊ जणांना जमली नाहीत, तर जे शिकवायला उरले नाही असे सांगत होते त्यांनीच पुढच्या सोमवारपासून प्रयोगशाळेचे वेळापत्रक लावावे, आणि पहिली तुकडी मुलींची ठेवावी.